यलो लॅबची वीण: टाकी मांडण्यापासून पिल्लं मोठी करण्यापर्यंत

टाकीतली एक पिवळी मादी चार दिवसांपासून खात नाही. दाणे पडले की पुढे येते, थबकते आणि परत दगडाआड जाते. जबड्याखालची कातडी पिशवीसारखी फुगलेली असते आणि मधूनमधून ती तोंडात काहीतरी घोळवल्यासारखं करते. अशी मादी आजारी आहे असं समजून टाकीत औषध ओतलं जातं, जाळीने धरून तिला बरणीत ठेवलं जातं, आणि सकाळी बरणीच्या तळाशी दहा-बारा पिवळसर अंडी पडलेली सापडतात. मादी ठणठणीत होती. तिच्या तोंडात वीण होती.

यलो लॅब, म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, या टाकीत पाळल्या जाणाऱ्या पिवळ्या माशाच्या कितीतरी वीणी याच घाईत वाया जातात. टाकी किती मोठी, दगड कसे रचायचे, पाण्यात काय घालायचं, नर किती ठेवायचे, ही सगळी उत्तरं एकाच प्रश्नातून निघतात: तोंड बंद ठेवून तीन-साडेतीन आठवडे काढणाऱ्या मादीला निवांत जागा मिळेल का? पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

मूळ घर

हा मासा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा. सरोवर सुमारे ५७० किलोमीटर लांब आणि सुमारे ७०० मीटर खोल आहे. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांचे किनारे त्याला लागतात. पश्चिम किनाऱ्यावर, उत्तरेकडच्या न्काटा बेच्या परिसरात हा मासा राहतो. तिथल्या टोंगा भाषेत खडकांत राहणाऱ्या अशा माशांना 'म्बुना' म्हणतात आणि जगभरचे हौशी लोक आज हाच शब्द वापरतात.

जेफ्री फ्रायर यांनी १९५६मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. 'सेरुलियस' म्हणजे निळा. पिवळ्याधमक माशाला हे नाव कसं, असं कुणालाही वाटेल. मुळात वर्णन झालं ते न्काटा बेच्या पांढुरक्या-निळसर माशांवरून. आपल्याकडे मिळतो तो लायन्स कोव्हच्या भागातला पिवळा प्रकार. नावाचा पहिला भाग दातांवरून आला आहे. तोंडाच्या पुढच्या टोकाला चिमट्यासारखे बारीक दात असतात आणि त्यांनी हा मासा खडकाच्या भेगांतून, शेवाळाच्या थरातून किड्यांच्या अळ्या आणि बारीक कवचधारी जीव टिपून काढतो. इतर बरेच म्बुना शेवाळ खरवडून खातात, हा टिपून खातो. आहाराच्या भागात याचा संबंध पुन्हा येईल.

सरोवराचं पाणी फार जड, म्हणजे फार क्षारांचं, नाही. पीएच साधारण ७.७ ते ८.६ आणि वरच्या थराचं तापमान २४ ते २९ अंश. या पाण्याचा खरा गुण म्हणजे ते बदलत नाही. पाऊस आला, दिवस गेला, रात्र झाली, तरी एवढ्या मोठ्या साठ्यात पीएच फारसा हलत नाही. टाकीत नक्कल करायची ती या स्थिरपणाची.

तोंडात अंडी का?

रोहूची मादी पावसाळ्यात लाखांनी अंडी सोडते आणि निघून जाते. यलो लॅबची मादी एका वेळी दहा ते पंचवीस अंडी घालते, पहिलटकरीण असेल तर पाच-सातच. पण अंडं जवळपास तीन मिलिमीटरचं, बलकाने गच्च भरलेलं असतं. खडकाळ जागेत प्रत्येक भेगेत अंडी खाणारं कुणीतरी टपलेलं असतं. तिथे लाख अंडी उघड्यावर टाकण्यापेक्षा वीस अंडी तोंडात सांभाळणं परवडतं. उजनीच्या धरणातली चिलापीही (तिलापिया) याच रीतीने वाढते, म्हणून हा प्रकार आपल्या मच्छीमारांना नवा नाही.

अंडी घालताना नर एका सपाट दगडावरची किंवा दगडाखालच्या वाळूतली जागा साफ करतो, अंग थरथरवत मादीला तिथे आणतो. दोघं गोल फिरू लागतात, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीपाशी. मादी एक-दोन अंडी टाकते, लगेच वळते आणि ती तोंडात घेते. मग नर पोटाखालचा मागचा पर जमिनीवर पसरतो. अनेक म्बुना नरांच्या या परावर अंड्यांसारखे गोल पिवळे ठिपके असतात. यलो लॅबमध्ये ते बहुधा पुसट असतात. मादी त्या परापाशी तोंड नेऊन टोचते, नर वीर्य सोडतो आणि अंडी तिच्या तोंडातच फळतात. मादी ठिपक्यांना अंडी समजते, हा विचार वोल्फगांग विकलर यांनी १९६२मध्ये मांडला. हा सगळा फेरा अर्धा-पाऊण तास चालतो. त्या वेळी टाकीपुढे फिरू नका, दिवा चालू-बंद करू नका.

टाकी आणि दगड

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, १० मिलिमीटर काचेची टाकी घ्या. भरल्यावर, दगड-वाळू वजा जाता, साधारण २०० लिटर पाणी राहतं. तीन फुटीत मासे जगतात, पण दबलेल्या मादीला नराच्या नजरेआड जाता येत नाही आणि वीण टिकत नाही. उंचीपेक्षा तळाची लांबी-रुंदी महत्त्वाची. पाणी, काच आणि दगड मिळून वजन सव्वातीनशे किलोच्या पुढे जातं. लोखंडी स्टँड भिंतीलगत ठेवा आणि टाकीखाली थर्माकोलचा एक सेंटिमीटरचा थर द्या.

दगडासाठी आपल्याकडचा काळा पाषाण उत्तम. तो पाण्यात काही सोडत नाही. साधारण ४० ते ५० किलो लागेल. अंडी घालायला सपाट जागा हवी म्हणून पॉलिश न केलेल्या शहाबाद फरशीचे किंवा कडप्प्याचे दोन-तीन तुकडे घ्या. हे दोन्ही चुनखडीचे दगड, इतर टाक्यांत लोक ते टाळतात. इथे मात्र ते चालतात, कारण पाणी थोडं जड झालं तरी या माशाला हवंच आहे.

रचण्याचा क्रम चुकवू नका. आधी तळाच्या काचेवर पातळ फोम किंवा प्लास्टिकची जाड शीट अंथरा. त्यावर मोठे दगड टेकवा. मग बाकीचे रचा, हाताने हलवून बघा, डुगडुगत असेल तर पुन्हा रचा. सगळ्यात शेवटी धुतलेली नदीची वाळू दोन-तीन सेंटिमीटर टाका. उलटं केलं, म्हणजे वाळूवर दगड ठेवले, तर नर खड्डा करतो, दगड घसरतो आणि एखाद्या रात्री काच तडकते.

दोन वेगळे ढीग करा, मध्ये वीतभर मोकळी जागा सोडा. एका सलग ढिगावर एकच नर सत्ता गाजवतो. दोन ढिगांत मादीला दुसरं घर मिळतं. काही भेगा मुद्दाम दोन-तीन सेंटिमीटरच्या ठेवा, म्हणजे मादी आत शिरते आणि मोठा नर बाहेर राहतो. वर काचेचं झाकण हवंच. पाठलाग झाला की मासा उडी मारतो.

पाणी: सगळ्यात जास्त चुका इथेच

मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी मऊ असतं. त्यातला केएच, म्हणजे पीएच सावरून धरणारा बायकार्बोनेटचा साठा, कमी असतो. टाकीतले जिवाणू माशांच्या मैल्यातला अमोनिया संपवताना हाच साठा खर्च करतात. साठा संपला की पीएच झपकन खाली येतो. मग जिवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साचतो, मासे कोपऱ्यात जाऊन बसतात, आणि दोष 'नळाच्या खराब पाण्याला' दिला जातो.

उपाय स्वयंपाकघरात आहे. १०० लिटर पाण्याचा केएच एक अंशाने वाढवायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम लागतो. २०० लिटर पाणी केएच २ वरून ७ वर न्यायचं तर ३० ग्रॅम. मासे आत असतील तर तीन दिवसांत थोडा-थोडा घाला. सोडा पाकिटावर सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलाच घ्या. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि पीठ असतं. धुण्याचा सोडा तर अजिबात नको, त्याने पीएच एकदम उडतो. जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा, वाढवायला औषधाच्या दुकानातलं एप्सम सॉल्ट: १०० लिटरला एका अंशासाठी साडेचार ग्रॅमच्या आसपास. लक्ष्य असं ठेवा: पीएच ७.८ ते ८.४, केएच ६ ते ८, जीएच ६ ते १०, तापमान २५ ते २७.

बोअरवेलचं पाणी बहुधा आधीच जड असतं. मग सोडा घालायची गरजच नाही. पण ते रात्रभर पिंपात हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा) लावून ठेवा, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांच्या, आकड्यावर विसंबू नका. त्यात मीठही मोजलं जातं आणि नायट्रेटही. केएच-जीएचचे थेंबांचे किट एकदा घेतलं की वर्षभर पुरतं.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढायला १०० लिटरला १ ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) पुरतं. पावसाळ्यात पालिका क्लोरीन वाढवते, तेव्हा वास उग्र आला तर मात्रा दुप्पट करा.

मासे आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालवा, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू वाढतात. प्रयोगशाळेच्या दर्जाचा अमोनियम क्लोराइड २०० लिटरला सव्वा ग्रॅम घाला, म्हणजे सुमारे २ मिलिग्रॅम प्रतिलिटर अमोनियम होतं. एवढी मात्रा एका दिवसात संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की टाकी तयार. गोड्या पाण्याच्या साध्या टाकीत लोक ही पायरी गाळतात आणि निभावतंही. इथे निभावत नाही. पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८.२ ला तोच भाग नऊ टक्क्यांच्या आसपास जातो. किटवर तोच रंग, पण विष जवळपास पंधरापट.

फिल्टर तासाला दीड ते दोन हजार लिटर फिरवणारा हवा, मग तो कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डबा) असो वा संप (टाकीखालची वेगळी टाकी). वीज जाण्याची सवय असलेल्या गावात बॅटरीवरचा एअर पंप जोडून ठेवा. हिवाळ्यात पुणे-नाशिकला २०० ते ३०० वॉटचा हीटर लागतो. मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या वर गेलं तर झाकण थोडं सरकवून जाळी लावा, पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा आणि खाणं निम्मं करा.

मासे निवडताना

मोठी जोडी विकत घेऊ नका. जोडी असते असं दुकानदार सांगतो, पण यलो लॅब जोडीने राहणारा मासा नाही. तीन-चार सेंटिमीटरची आठ ते दहा पिल्लं आणा, एकत्र वाढवा आणि शेवटी एका नरामागे तीन-चार माद्या राहतील असं बघा. साधारण सहा-सात सेंटिमीटरला, आठ-दहा महिन्यांत, ती वयात येतात.

रंग लिंबासारखा स्वच्छ पिवळा हवा आणि पाठीच्या परावरची काळी पट्टी ठळक. नारिंगी झाक, पुसट पट्टी आणि आखूड बोथट डोकं दिसलं तर तो बहुधा रेड झेब्रा या दुसऱ्या म्बुनाशी झालेला संकर. म्हणूनच रेड झेब्रा आणि यलो लॅब एका टाकीत ठेवू नयेत. दोन्ही जातींची वीण सहज मिसळते आणि मग पिल्लं कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही.

नराचे पोटाखालचे पर जास्त काळे असतात हे खरं, पण तेवढ्यावर पैज लावू नका. दबलेला नर फिकट राहतो. खात्री करायची तर मासा ओल्या तळव्यावर उताणा धरा आणि शेपटीकडची दोन छिद्रं बघा. दोन्ही जवळपास सारखी असली तर नर. मागचं, शेपटीकडचं छिद्र स्पष्ट मोठं असलं तर मादी. पाच सेकंदांत पाहून परत सोडा.

खाणं

हा मासा टिपून खाणारा, म्हणून त्याला थोडं प्राणिज लागतं. पण त्याचं आतडं चरबी आणि लाल मांसासाठी बनलेलं नाही. ३५ ते ४० टक्के प्रथिनांचे बारीक दाणे, त्यात स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ), दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढेच. आठवड्यातून दोनदा उकडलेला, साल काढलेला वाटाणा किंवा गरम पाण्यातून काढून चिरलेला ताजा जवळा. जवळ्याच्या रंगद्रव्याने पिवळा रंग पक्का राहतो. सुका जवळा नको, तो खारवलेला असू शकतो. आठवड्यातून एक दिवस उपास. कोंबडीचं काळीज आणि रोजचे ब्लडवर्म (लाल अळ्या) टाळा.

जास्त खाऊ घातल्याने आणि ताणामुळे 'मलावी ब्लोट' होतो. मासा खायचं सोडतो, दाणा तोंडात घेऊन थुंकतो, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी होते, पोट फुगतं, श्वास जोरात चालतो. वीण धरलेली मादीही खात नाही, मग फरक कसा ओळखायचा? ब्लोटमध्ये पोट फुगतं, वीणीत जबड्याखालचा भाग. ब्लोटचा मासा पृष्ठभागाशी किंवा तळाला मलूल असतो, वीणीची मादी दगडाआडून सगळीकडे नजर ठेवून असते. ब्लोट ओळखला तर खाणं बंद, एक तृतीयांश पाणी बदला, फिल्टरमधला कोळसा काढा आणि मेट्रोनिडाझोल २५० मिलिग्रॅम दर ४० लिटरला, एक दिवसाआड तीन वेळा, प्रत्येक वेळी आधी पाव भाग पाणी बदलून. पोट फुगायच्या आत सुरू केलं तर मासा वाचतो.

वीण धरल्यानंतर

जबडा फुगलेला दिसला तो दिवस कॅलेंडरवर लिहा. पाच-सात दिवसांत अंडी फुटतात. दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे दिसतात, पोटाशी बलकाची पिशवी असते. अठरा ते एकवीस दिवसांत बलक संपतो, आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत मादी पिल्लं सोडते. पाणी थंड असलं तर आणखी उशीर. या काळात मादी जवळजवळ खात नाही, अंगाने उतरते. आत ती अंडी सतत घोळवत असते, म्हणून तोंड चघळल्यासारखं हलतं. या घोळवण्यानेच प्रत्येक अंड्याला ताजं पाणी मिळतं आणि बुरशी लागत नाही.

पहिल्या दोन वीणी मादी बऱ्याचदा गिळून टाकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जबडा सपाट झाला आणि ती खाऊ लागली तर काही बिघडलं नाही. दोन महिन्यांत ती पुन्हा धरेल. तिला हलवू नका, औषध देऊ नका.

थोडीच पिल्लं पुरत असतील तर मादीला मोठ्या टाकीतच राहू द्या. दगडांच्या बारीक फटींतून दोन-चार जगतात आणि ती सगळ्यात काटक निघतात. जास्त हवी असतील तर चौदाव्या ते अठराव्या दिवसादरम्यान तिला हलवा. त्याआधी नाही, कारण सुरुवातीच्या दिवसांत घाबरलेली मादी सगळं थुंकते किंवा गिळते.

हलवण्याची रीत अशी:

१. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी मोठ्या टाकीच्याच पाण्याने भरा. स्पंज फिल्टर तीन आठवडे आधीपासून मोठ्या टाकीत चालवून ठेवलेला असावा. आत पीव्हीसी पाइपचा एक वाकडा तुकडा ठेवा, तीन बाजूंना कागद लावा.

२. रात्री दिवा बंद झाल्यावर तासाभराने, टॉर्चच्या मंद उजेडात ती कुठे टेकली आहे ते पाहा. तोवर मासे सुस्तावलेले असतात.

३. एका हाताने जाळी तिच्या मागे धरा आणि दुसऱ्या हाताने पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्याखाली तिच्यासमोर उघडा. जाळी पुढे सरकवून तिला डब्यात जाऊ द्या. जाळीत धरून पाण्याबाहेर काढू नका. हवेत आल्यावर ती तोंड उघडते.

४. डबा पाण्यासकट नव्या टाकीत बुडवा आणि तिला स्वतःहून बाहेर येऊ द्या.

पहिल्या प्रयत्नात सापडली नाही तर थांबा, दुसऱ्या रात्री करा. सगळे दगड उपसून मादी पकडण्यापेक्षा वीण गेलेली बरी.

मादीच्या तोंडातून पिल्लं हाताने काढण्याची पद्धतही आहे. एकविसाव्या दिवसानंतरही मादी फार रोडावली असेल तेव्हाच ती वापरावी असं आमचं स्पष्ट मत आहे. ओल्या हातात मादी डोकं खाली करून, टाकीच्या पाण्याच्या भांड्यावर धरा. बोथट केलेल्या प्लास्टिकच्या काडीने खालचा ओठ हलकेच दाबा आणि लगेच तोंड पाण्यात बुडवा. पिल्लं पाण्याच्या ओढीने बाहेर येतात. दहा सेकंदांत संपवा. जबड्यावर जोर पडला तर तो वाकडा राहतो आणि ती मादी पुन्हा कधी वीण धरत नाही.

मादीने आधीच अंडी थुंकली असतील तर ती स्पंज फिल्टरशेजारी बारीक जाळीच्या डब्यात ठेवा आणि हवेच्या दगडाने इतकाच प्रवाह द्या की अंडी हलकी गोल फिरतील, उडणार नाहीत. पाण्यात फिकट निळा रंग येईल एवढं मिथिलीन ब्लू टाका. पांढरी पडलेली अंडी रोज ड्रॉपरने काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते.

पिल्लं आणि आई

सुटलेलं पिल्लू सेंटिमीटरभर असतं आणि पहिल्या दिवसापासून स्वतः खातं. मादी सोडल्यानंतर फारशी राखण करत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला जाळीच्या पडद्याआड घ्या आणि चार-पाच दिवस थोडं-थोडं चारून मग परत सोडा. दोन आठवड्यांहून जास्त वेगळी ठेवली तर घोळक्यातली तिची जागा जाते आणि परतल्यावर तिला मार बसतो.

पिल्लांना पहिले दोन आठवडे ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव, द्या. त्याची अंडी अशी फोडा: लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २८ अंश, सतत हवा, चोवीस तासांनी फुटतो. गाळून, गोड्या पाण्यात खळबळून मग द्या. सोबत दाण्यांची भुकटी. दिवसातून तीन-चार वेळा, चिमटीच्याही निम्मी. आठवड्यातून दोनदा पाव भाग पाणी बदला, तेही केएच जुळवूनच. अडीच सेंटिमीटर व्हायला दोन-तीन महिने लागतात, त्यानंतर ती मोठ्या टाकीत जाऊ शकतात.

मोठ्या टाकीत दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला. ७० लिटर काढलं तर सोडा त्या ७० लिटरपुरताच, म्हणजे वरच्या हिशेबाने १० ग्रॅमच्या आसपास, नव्या पाण्यात विरघळवून घाला. दर वेळी पूर्ण टाकीच्या हिशेबाने सोडा टाकणाऱ्यांचा केएच महिन्या-दोन महिन्यांत पंधराच्या आसपास गेलेला दिसतो आणि माद्या वीण धरायच्या थांबतात. नव्या पाण्याचं तापमान दोन अंशांहून जास्त वेगळं नको. एखादी मादी तोंड मिटून बसली असेल तर त्या आठवड्यात वाळू उपसू नका, दगडांना हात लावू नका. पाणी बारीक नळीने सावकाश सोडा.

पिल्लं जास्त झाली तर ओळखीच्या हौशी माणसांना द्या किंवा दुकानात नेऊन द्या. ओढ्यात, तलावात, विसर्जनाच्या हौदात सोडू नका. मोझांबिक तिलापिया आपल्या देशात १९५२मध्ये आणला गेला. तोही तोंडात पिल्लं सांभाळणारा, त्यामुळे जिथे गेला तिथे टिकला आणि स्थानिक माशांच्या जागेत घुसला. सह्याद्रीच्या ओढ्यांत जे बारीक मासे आहेत त्यातले कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.